नवसाचं जावळ

डॉक्टरीणबाईंनी बिभीषणला तीन गोष्टी विचारल्या. पोरगं फवारणीचं औषध प्यायलंय का? घरात उंदराच्या गोळ्या, ढेकणाची पावडर असलं काही होतं का? रानात काही उचलून तोंडात घातलं का? बिभीषण तिन्ही वेळा 'न्हाई' म्हणाला. आणि तिन्ही वेळा ते खरंच होतं.

बाईंनी बॅटरी अंगदच्या डोळ्यांत मारली. साडेचार वर्षांचं पोर. हाक मारली की पापणी अर्धी उघडायची आणि पुन्हा मिटायची.

"बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात," बाई सिस्टरला म्हणाल्या. "आणि ठोके बघा, साठसुद्धा नाहीत. एवढ्या लेकराचे शंभराच्या आसपास पाहिजेत." मग बिभीषणकडे वळल्या. "नीट आठवा. काहीतरी पोटात गेलंय याच्या."

"पोटात काईच न्हाई बाई. सकाळी दूधभाकर खाल्ली. दुपारी उलटी झाली, झोपला, तो उठंनाच. तवा शिरूरच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी गाडीत घालून हितं बीडला धाडलं."

स्वप्नाने नवऱ्याकडे पाहून मान हलवली. तिला, अंगदच्या आईला, एवढंच माहीत होतं.

सलाईन लागलं. छातीला चिकटपट्ट्या लावून वायरी एका डब्याला जोडल्या. डब्यावर हिरवा आकडा दिसायला लागला: ५८. सिस्टरनं सांगितलं, लेकरांच्या वॉर्डात एकच माणूस थांबेल, तेही बाई. तुम्ही बाहेर बसा. बिभीषण बाहेर व्हरांड्यात आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

सकाळ त्याला आठवत नव्हती असं नाही.

शिरूर कासारपासून दोन कोसांवर त्याचं गाव. बावीस शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. माघाची थंडी सरायला लागली की शेळ्यांना गोचिडं धरतात. जनावरांच्या डॉक्टरनं औषध दिलं होतं, तेच तो दर वर्षी आणायचा. बादलीभर पाण्यात एक टोपण. पाणी दुधासारखं पांढरं होतं. त्यात चिंधी बुडवायची, शेळीच्या अंगावर उलट्या केसानं फिरवायची आणि शेळी सोडून द्यायची. धुवायचं मात्र नाही. अंगावरच वाळू द्यायचं, तरच गोचिडं गळतात. आजवर त्याची एकही शेळी त्या औषधानं दगावली नव्हती.

गावात हरिनाम सप्ताह चालू होता. बिभीषण टाळकरी. कीर्तनाला उभा राहिला की दोन तास त्याचा पाय हलायचा नाही, आणि त्याच्या पायाशी अंगद बसलेला, हातात कुणीतरी दिलेला फुटका टाळ. या वेळी मात्र पोर टाळ सोडून दोन्ही हातांनी डोकं खाजवत होतं. डोक्यात उवाच उवा. कापून टाकायची सोय नव्हती, कारण ते केस देवाचे होते. अंगदच्या आधीची दोन लेकरं महिन्याच्या आतच गेली, तेव्हा बिभीषणची आई दगडाबाई डोंगरावरच्या बिरोबाला बोलली होती: हे जगू दे, पाचव्या वर्षापर्यंत याच्या केसाला लोखंड लागणार नाही, मग तुझ्या दारात, मामाच्या मांडीवर जावळ काढीन. अंगदची वेणी आता कमरेपर्यंत आली होती. जावळ चैत्रात ठरलं होतं. त्याच्या आत होणारच नव्हतं, कारण मामा सुग्रीव कोयता घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला गेलेला.

"पोराच्या डोक्याचं काय तरी करा," पहाटे पंगतीच्या भाकरी थापायला देवळाकडे जाताना स्वप्ना म्हणाली होती. "चार बायकांत मला लाज वाटती."

शेळ्यांचं आटपल्यावर बादलीच्या तळाला दोन तांबे औषध उरलं. फेकायचं जिवावर आलं. त्यानं अंगदला दगडावर बसवलं, वेणी सोडली आणि चिंधी बुडवून मुळापासून टोकापर्यंत सगळे केस भिजवले. वरून पंचा गुंडाळला.

"बाबा, मी शेळी हाय का?"

"हाय की. बें कर."

"बेंऽऽ," अंगद म्हणाला आणि स्वतःच हसून लोळला.

केस वाळले तेव्हा मेलेल्या उवा पंच्यावर तिळासारख्या पडल्या होत्या. बिभीषणला समाधान वाटलं. त्यानं वेणी घातली, धुतली नाही. शेळीला तरी कुठं धुतात.

आता व्हरांड्यात बसून तो स्वतःला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. बाई पोटाचं विचारतायत. औषध डोक्याला लावलंय, पोटात नाही. शेळ्या तर एकमेकींचं अंग चाटतात, त्यांना काही होत नाही. मग केसांना लावलेलं आत कसं जाईल? आणि सांगितलं तर? विषाची केस असली की पोलीस येतात, हे त्यानं अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून आताच ऐकलं होतं. पोलिसांचं एक वेळ सोसता येईल. पण स्वप्ना? दोन लेकरं पुरलेल्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तिसऱ्याला मी शेळीचं औषध फासलं?

"काय झालंय तुमच्या पोराला?"

शेजारी एक माणूस बसला होता. दाढीवाला, अंगानं हडकुळा, पायाशी केळ्यांची पिशवी.

"झोपेतून उठंना झालाय."

"माझी पोरगी हाय आत. शाहीन. निमोनिया झालता. आज पाचवा दिवस. आता जरा बरी हाय, कालपासून आईला शिव्या द्यायलीय." तो हसला. "मी चाँद. गेवराईला स्टँडसमोर फळाचा गाडा हाय. तुमचं नाव?"

"बिभीषण."

"आयला, रावणाचा भाऊ!"

"तो चांगला व्हता."

"माहीत हाय ना. खरं बोलला आन् घरातून लाथ खाऊन गेला बिचारा." चाँदनं पिशवीतून दोन केळी काढून पुढं केली. "घ्या. खा."

बिभीषणनं केळी हातात घेतली, पण सोलली नाहीत.

"खा बे," चाँद म्हणाला. "मीही पहिल्या दिवशी असाच बसलतो. न खाल्ल्यानं पोरगी लवकर बरी झाली न्हाई. मीच चक्कर येऊन पडलो, मग डॉक्टरला दोन पेशंट."

दिवस मावळायच्या सुमारास चाँदच्या घरून जेवणाचा डबा आला. त्यातली अर्धी भाजी-चपाती त्यानं आपल्या बायकोच्या, फरजानाच्या हातून स्वप्नाला आत पाठवली. स्वप्ना दारापर्यंत येऊन म्हणाली, "कशाला तरास घेता?" तर चाँद म्हणाला, "बहिणीला दोन घास द्यायला तरास कशाचा, ताई?" स्वप्नाने डबा घेतला. परक्या गावात कुणी 'ताई' म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले आणि ती लगेच आत गेली.

दगडाबाईचा फोन आला. शेजारच्या शहादेवच्या मोबाईलवरून ती ओरडून बोलत होती, बीडपर्यंत आपला आवाजच पोहोचवायचा असल्यासारखी.

"कसं हाय रं लेकरू?"

"सलाईन लावलंय, माय."

"त्यांना काय इंजेक्शनं द्यायची ती देऊ दे. पर केसाला कात्री लावू देऊ नको. दवाखान्यात काय बी कापत्यात. दोन म्हैन्यावर आलंय. देवाशी बोललेलं हाय ते."

"बरं माय."

"मी देवळातच हाय. उठले न्हाई जागची."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास फरजाना धावत व्हरांड्यात आली. "भाऊ, उठा उठा! तुमच्या पोरानं डोळे उघडले. बिस्किट मागतंय!"

सिस्टरनं दोन मिनिटांसाठी आत सोडलं. अंगद खरंच जागा होता. आवाज घोगरा, ओठ कोरडे, पण जागा. त्यानं बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "आपली काळी याली का?" काळी शेळी गाभण होती. बिभीषणला हसू आणि रडू एकदम आलं. डब्यावरचा आकडा ७८ होता. बाई म्हणाल्या, औषधांनी उचल खाल्लीय, पण कारण अजून सापडलेलं नाही, बघू.

बिभीषण बाहेर येऊन नळावर तोंड धुऊन, सूर्याकडे हात जोडून उभा राहिला. देवा, तू ऐकलंस. आता काही सांगायचं कारणच उरलं नाही, असं त्याला वाटलं. ओझं उतरलं. त्यानं चाँदला चहा पाजला.

आत स्वप्नालाही तसंच वाटलं असणार. आजारी पोर जागं झालं की आईचे हात काहीतरी करायला धावतात. तिनं ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसलं. वेणी विस्कटली होती, ती सोडली. फरजानाकडून खोबरेल तेल घेतलं आणि पोराच्या टाळूवर ओंजळभर जिरवलं. पाचही बोटांनी चोळून चोळून, मुळापर्यंत. मग घट्ट वेणी घातली.

नऊच्या सुमारास अंगद पेंगायला लागला. दहाला हाक मारली तर उत्तर आलं नाही. साडेदहाला वॉर्डातून सिस्टरच्या पळण्याचा आवाज आला.

बिभीषण दारात जाऊन उभा राहिला. काचेतून त्याला तो डबा दिसत होता. ५४. मग ५१. डॉक्टरीणबाई खाटेवर वाकल्या होत्या. स्वप्ना भिंतीला चिकटून उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून. तेलानं चमकणारी वेणी उशीवरून खाली लोंबत होती.

फरजाना बाहेर आली ती नवऱ्याशी हळू बोलली, पण बिभीषणला ऐकू आलं. "पोराच्या डोक्याला कसलातरी वास येतोय. तेल लावल्यापासनं जास्तीच. फिनेलवानी. मला वाटलं फरशीचा असंल."

तो वास बिभीषणला ठाऊक होता. गोठ्यात आठ आठ दिवस राहतो तो.

तेवढ्यात बाई दारात आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. "ऐका. ठोके पुन्हा पडलेत. मी औषधं देतेय, पण कशाविरुद्ध देतेय तेच मला माहीत नाही. अर्ध्या तासात फरक पडला नाही तर संभाजीनगरला हलवावं लागेल, आणि वाटेत काय होईल ते मी सांगू शकत नाही. पुन्हा विचारते. या पोराला काय झालं? काहीही. क्षुल्लक वाटलं तरी सांगा."

बिभीषणचं तोंड उघडलं. काचेपलीकडे स्वप्ना त्याच्याकडेच बघत होती.

"न्हाई बाई," तो म्हणाला. आता मात्र ते खोटं होतं.

बाई आत गेल्या. बिभीषण व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, तिथं जिना होता, त्याच्या पहिल्या पायरीवर बसला आणि डोळे मिटून नाव घ्यायला लागला. विठ्ठल विठ्ठल विठ्ठल. हात आपोआप टाळासारखे हलत होते. माझी चूक झाली पांडुरंगा. मी लावलं ते. मी फासलं माझ्या हातानं. पोराला सोड, मला ने. सगळं सगळं त्यानं देवाला सांगितलं: बादली, चिंधी, पंचा, बेंऽऽ करून हसणारं लेकरू. काहीही लपवलं नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि मन हलकं होत होतं, कीर्तनाच्या शेवटी होतं तसं.

आणि हलकं होता होताच त्याला परवाचं कीर्तन आठवलं. महाराज फेट्याचा शेमला मागं टाकून म्हणाले होते, "देवापुढं माणूस भडाभडा खरं बोलतो. कावून? देव कुणाला सांगत न्हाई म्हणून!" सगळा मांडव हसला होता. बिभीषणही टाळ छातीशी धरून हसला होता.

त्यानं डोळे उघडले. देवाला तर कालच माहीत होतं. माहीत नव्हतं ते डॉक्टरीणबाईंना.

तो उठला तो पळतच सुटला. वॉर्डाच्या दारात सिस्टरनं हात आडवा केला, "अहो, पुरुषांना..." तो हाताखालून आत घुसला आणि खाटेजवळ जाऊन बाईंच्या पायांजवळ बसकण मारली.

"मी लावलं. गोचिडाचं औषध. शेळ्यांचं. उवांसाठी काल सकाळी डोक्याला लावलं. धुतलं न्हाई. आजून केसातच हाय ते."

बाईंनी खाली वाकून वेणी हुंगली.

"बाटली?" बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, रागवायला वेळ नव्हता.

"घरी. गोठ्यात."

"फोटो मागवा. आत्ता."

त्यानं शहादेवला फोन लावला. पाच मिनिटांत मोबाईलवर बाटलीचा फोटो आला. बाईंनी दोन बोटांनी तो मोठा करून वाचला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "हेच. बाहुल्या, ठोके, झोप, सगळं जुळतंय. याच्यावर उतारा नसतो. पण शरीर ते बाहेर टाकतं, एक-दोन दिवस सांभाळलं की लेकरं निभावतात. फक्त आत जायचं थांबलं पाहिजे. कातडीतून मुरतंय ते, आणि तेलात जास्त मुरतं. सकाळी बरा होऊन पुन्हा का घसरला, ते कळलं का? सिस्टर, ग्लोव्हज. राधाकिशनला बोलवा, मशीन घेऊन. सगळे केस काढायचे, मग साबणानं तीनदा धुवायचं."

स्वप्ना एकाच शब्दाला अडकली होती. "तेलात?"

तिनं स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग बिभीषणकडे. "कवा लावलं?"

"तू भाकरीला गेलतीस तवा."

"आन् कालपासनं गप बसलात." ती ओरडली नाही. "मी माझ्या हातानं तेल चोळलं त्याला. तुमी काचेतून बघितलं असंल. बघितलं ना?"

"वेणी झाल्यावर बघितली," बिभीषण म्हणाला. "बघितली."

ती वेणीची गाठ सोडायला लागली तर सिस्टरनं तिला मागं ओढून हातमोजे दिले. ते घालताना तिच्या बोटांना मोज्यांची बोटं सापडत नव्हती.

राधाकिशन आला. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढणारा हा पन्नाशीचा माणूस. त्यानं मशीन काढलं, पोराचं डोकं बघितलं, वेणी उचलून बघितली आणि मशीन खाली ठेवलं.

"हे जावळ हाय," तो म्हणाला.

"हो, काढा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, नवसाचं दिसतंय. मामा कुठंय? मामाच्या मांडीशिवाय मी जावळाला हात लावत न्हाई. माझ्या बापानं बी लावला न्हाई. मागनं काई झालं तर माझ्या माथी."

"राधाकिशन, पोराचे ठोके पन्नास आहेत!"

"म्हणून तर, मॅडम." बिचाऱ्याचे डोळे खरंच घाबरले होते. "अशा टायमाला तर न्हाईच."

स्वप्नाने भावाला फोन लावला. सुग्रीवचा फोन बंद. उसाच्या फडात चार्जिंग कुठलं. बिभीषण म्हणाला, "मी धरतो मांडीवर, काढा." राधाकिशननं मान हलवली. बाई सिस्टरला म्हणाल्या, "आणा ते मशीन इकडे, मी काढते." मशीन उचलणार इतक्यात स्वप्ना ताडकन दाराकडे गेली.

"चाँदभाई!"

चाँद बाहेर काचेला नाक लावून उभा होता. दचकला. "काय, ताई?"

"आत या. मांडी घाला."

"मी?"

"मामा लागतोय ह्याला."

चाँदनं राधाकिशनकडे पाहिलं, बिभीषणकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मी मुसलमान माणूस. तुमचं देवाचं काम. उद्या कुणी काय म्हणंल..."

"काल ताई म्हनला ते नुसतं डबा द्यायला म्हनला का?" स्वप्नाचा आवाज फाटला. "भाऊ असाल तर बसा. नसाल तर तसं सांगा."

चाँद बसला. चपला दारातच काढून, खाटेवर मांडी घालून बसला. सिस्टरनं मांडीवर प्लास्टिक टाकलं, हातांत मोजे चढवले. अंगदचं डोकं त्याच्या मांडीवर आलं तसे त्यानं दोन्ही हात पोराच्या कानांपाशी धरले, पिकलेली पपई धरावी इतके हलके. फरजाना शाहीनच्या खाटेवरून म्हणाली, "आता भाच्याला कपडे बी करा लागतील म्हणावं," आणि तिचं तिलाच रडू फुटलं. "आमच्यात सातव्या दिवशी काढत्यात. ते बी अल्लाचंच असतंय."

"बिरोबाला सांगा," राधाकिशन बिभीषणला म्हणाला. "मोठ्यानं सांगा. मला ऐकू आलं पायजे."

बिभीषणनं हात जोडले. "बिरोबा, चैताची वाट बघता येत न्हाई," तो म्हणाला. "हितंच घे."

मशीन सुरू झालं. साडेचार वर्षांचे केस, तेलकट, जड, प्लास्टिकवर पडत गेले. खाली पांढरी, मधूनमधून लालसर पडलेली टाळू दिसायला लागली. स्वप्नानं ती साबणानं धुतली, पाण्यानं धुतली, पुन्हा साबणानं. बाई डब्याकडे बघत होत्या. केस कुणी जमिनीवर पडू दिले नाहीत. बिभीषणनं ते गोळा केले तर सिस्टर म्हणाली, "ते पिवळ्या पिशवीत टाका. विषारी आहेत, घरी नेता यायचे नाहीत." त्यानं एकदा फक्त पिशवीपुढं मान वाकवली आणि टाकले.

दुपारी हवालदार आला. नोंद करावीच लागते, बाईंनी आधीच सांगितलं होतं. बिभीषणनं सगळं सांगितलं, या वेळी कुणी विचारायच्या आधी. हवालदारानं औषधाचं नाव लिहून घेतलं, बाटलीचा फोटो बघितला आणि लिहिता लिहिता थांबला.

"हीच बाटली माझ्या गोठ्यात हाय," तो म्हणाला. "पोरींच्या डोक्याला लावावं असं माझी आई परवाच म्हणत व्हती." आणि कागद तसाच ठेवून तो घरी फोन लावायला जिन्याकडे गेला.

मग बिभीषणनं आईला फोन केला. हा फोन त्याला सगळ्यांत अवघड वाटत होता.

"माय, जावळ काढलं."

पलीकडे देवळात भजन चालू होतं.

"कावून?"

त्यानं कावून ते सांगितलं. मध्ये कुठं थांबला नाही. दगडाबाई म्हणाली, "मामाच्या मांडीवर काढलं का?"

"व्हय."

"सुग्रीव आलाय तिथं?"

"न्हाई. दुसरा मामा हाय. गेवराईचा. फळं इकतो. चाँद नावाचा."

बिभीषणनं डोळे मिटले. आता शिव्या येतील, त्या खायच्या, असं ठरवून तो उभा राहिला.

"त्याला जेवायला आन कवातरी," दगडाबाई म्हणाली. "देवाचं माझं मी बघून घेईन. बोलणारी मी व्हते, मीच त्याच्या पाया पडंन. पर तू, बिब्या... तू लेकराच्या आईला काय सांगणार हाईस ते बघ. ते मला न्हाई मिटवता यायचं." आणि फोन ठेवला.

चारला आकडा ६० होता. पाचला ६४. बाईंनी हात पोराच्या छातीवर ठेवून मान डोलावली, पण हसल्या नाहीत. "उद्या संध्याकाळपर्यंत मी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आता आत जात नाहीये, एवढं नक्की."

ऊन खिडकीच्या खालच्या गजावर आलं तेव्हा अंगदनं डोळे उघडले. त्यानं हात डोक्याकडे नेला, वेणी शोधली, मागं उशीवर शोधली. मग रडायला लागला. बारीक, दमलेलं रडणं. "डोक्याला गार लागतंय," तो म्हणाला. स्वप्नानं पदर त्याच्या डोक्यावरून घेतला आणि त्याला जवळ ओढलं.

बिभीषण दारात उभा होता. सिस्टरनं पाहिलं, पण या वेळी ती दुसरीकडे बघत निघून गेली. तो आत आला, खाटेच्या कडेला येऊन थांबला. पोराला हात लावायला तो वाकला.

"थांबा," स्वप्ना म्हणाली. दुपारपासून त्याच्याशी बोललेला तिचा हा पहिला शब्द.

तो थांबला.

"हात धुऊन या. साबणानं."

तो बेसिनकडे गेला. मनगटापर्यंत धुतले, मग कोपरापर्यंत. नखं घासली. परत आला आणि दोन्ही हात तिच्यासमोर धरून उभा राहिला. स्वप्नाने ते आपल्या नाकाजवळ ओढले, हुंगले, आणि लोटून दिले.

"पुन्ना."

तो पुन्हा गेला. साबणाची वडी संपत आली होती. बेसिनवर उभं राहून त्यानं इतका वेळ हात घासले की बोटांची कातडी पांढरी झाली. मागून अंगदचं रडणं ऐकू येत होतं, आणि त्याच्या मधूनमधून 'बाबा' असा शब्द. तो परत आला.

या वेळी तिनं हात हुंगून सोडले नाहीत. धरूनच ठेवले, थोडा वेळ. तिचा अंगठा त्याच्या तळव्यावर जोरानं रुतला होता, दुखेल इतका. मग ती खाटेवर एक वीत सरकली.

बिभीषण त्या वितीएवढ्या जागेत बसला.